गॅप सर्टिफिकेट आणि पृथ्वीप्रदक्षिणा

‘वेड लागलंय का?’ हा आपल्या भागातला सगळ्यात स्वस्त प्रश्न आहे. कुणी इंजिनिअरिंग सोडून नाटकात जातो म्हणालं की हा प्रश्न. कुणी मेस सोडून रूमवर स्वतः स्वयंपाक करतो म्हणालं तरी हाच प्रश्न. मग एखादी मुलगी म्हणाली की ‘मी एकटी सायकलवरून खंड पार करणार आहे,’ तर? तेव्हा प्रश्न विचारायचीही कुणी तसदी घेत नाही. सरळ हसतात.

मला त्या हसण्याविषयीच लिहायचं आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. लातूरच्या घरात मराठी भरपूर बोलले, पण लिहिली कमी. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी बघून घ्यावं, मुद्द्यांचं मी बघते!)

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. सायकलवरून देश आणि खंड ओलांडणं हा वेडेपणा नसून एक प्रोजेक्ट आहे. त्याला डिझाइन आहे, बजेट आहे, शेड्यूल आहे, रिस्क आहे. म्हणजे आपण चार वर्षं जे शिकतो तेच सगळं. आणि तो प्रोजेक्ट आपल्याला करता येत नाही याचं कारण आपल्या पायांत नाही. ते कारण दुसरीकडे आहे. कुठे, ते पुढे सांगते.

आधी एक उदाहरण. वेदांगी कुलकर्णी ही पुण्याची मुलगी इंग्लंडमध्ये बोर्नमथ विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकत होती. जुलै २०१८ मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर निघाली आणि २३ डिसेंबर २०१८ च्या पहाटे कोलकात्यात तिने २९ हजार किलोमीटर पूर्ण केले. १४ देश, १५९ दिवस. तेव्हा ती २० वर्षांची होती. म्हणजे आत्ता मी आहे तेवढी! ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, आइसलँड, पोर्तुगाल, स्पेन, मग युरोप ओलांडून रशिया आणि शेवटी भारत. थंडी उणे २० पर्यंत, गरमी ३७ पर्यंत. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, रशियात बर्फात एकटीने तंबू लावून रात्री काढल्या. रस्त्याचा बहुतेक भाग ती एकटीच होती.

पेपरवाल्यांनी अस्वल आणि चाकू छापला. साहजिक आहे, मीही आधी तेच वाचलं. पण मला त्या बातम्यांतल्या दुसऱ्याच दोन ओळी महत्त्वाच्या वाटतात. एक, तिची तयारी दोन वर्षं चालली होती. १५९ दिवसांसाठी सातशे तीस दिवस! दोन, भारतीय पासपोर्टवर व्हिसा मिळवण्यात तिचे दिवस गेले, आणि त्यामुळे युरोपात भर हिवाळ्यात सायकल चालवावी लागली. म्हणजे अस्वलाने जेवढं अडवलं नाही तेवढं कागदाने अडवलं.

२९ हजारला १५९ ने भागा. दिवसाला १८२ किलोमीटर येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर नांदेडहून निघायचं, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर करत लातूर गाठायचं, आणि तिथे न थांबता अजून चाळीस किलोमीटर पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी उठून परत तेवढंच. असं पाच महिने. यात वेडेपणा कुठे आहे मला दिसत नाही. शिस्त मात्र दिसते. आपण एक सेमिस्टर रोज अभ्यास करू शकत नाही!

आणि हे काही आत्ताचं फॅड नाही. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, सगळा प्रवास पूर्ण करून १८ मार्च १९२८ ला मुंबईत परत आले. ७१ हजार किलोमीटर. इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि ब्रह्मदेशातून आसाममार्गे घरी. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. जीपीएस नाही, मोबाईल नाही, एटीएम नाही. शंभर वर्षांपूर्वी जे जमलं त्याला आपण आज वेडेपणा म्हणतो, याला प्रगती म्हणायचं का?

अर्थात एक गोष्ट त्यांना सोपी होती, आपल्याला अवघड आहे. ते मुंबईहून पंजाब, पंजाबहून बलुचिस्तान आणि तिथून इराण असे जमिनीवरूनच गेले. आज आपल्याला तसं जाता येत नाही. पश्चिमेला पाकिस्तानशी अटारीचा नाका होता, तो एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. पूर्वेला म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावापासून परिस्थिती बिकट आहे. उत्तरेला हिमालय. नकाशात भारत आशियाला चिकटलेला दिसतो, पण सायकलवाल्यासाठी तो जवळजवळ बेटच आहे. म्हणजे आपली पृथ्वीप्रदक्षिणा विमानतळावर, सायकल खोक्यात भरूनच सुरू होणार. हे आधी कळलेलं बरं. नाहीतर माणूस नकाशावर पेन्सिलने सरळ रेघ मारतो आणि खूश होतो.

रेकॉर्डचे नियम वाचले तर अजून मजा आहे. किमान १८ हजार मैल, म्हणजे साधारण २९ हजार किलोमीटर सायकल चालवायची. दिशा एकच ठेवायची, पूर्वेला नाहीतर पश्चिमेला. जिथून निघालात तिथेच संपवायचं, म्हणूनच वेदांगीला कोलकात्याहून पुन्हा पर्थला जायचं होतं. आणि पृथ्वीच्या गोळ्यावर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध असलेल्या दोन ठिकाणांच्या जवळून जायचं. बहुतेक जण स्पेन आणि न्यूझीलंड धरतात, कारण ते दोन देश एकमेकांच्या बरोबर खाली-वर आहेत. मी सहज आपलं गणित करून पाहिलं. नांदेड साधारण १९ अंश उत्तर, ७७ अंश पूर्व. त्याच्या बरोबर विरुद्ध टोक १९ अंश दक्षिण, १०३ अंश पश्चिम. नकाशात बघितलं तर तिथे नुसतं पाणी, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागर. लातूरचंही तेच! आपल्या पायाखाली सरळ भोक पाडलं तर पलीकडे उभं राहायला जागा नाही. तेव्हा मराठवाड्याच्या माणसाने रेकॉर्डच्या भानगडीत न पडता स्वतःचा प्रवास करावा, अशी निसर्गाचीच इच्छा दिसते.

चेष्टा सोडली तरी मला रेकॉर्ड नकोच आहे. २०१७ साली मार्क बोमाँटने ७९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्याबरोबर गाडी होती, टीम होती. २०१८ साली स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहमने १२४ दिवसांत केली, स्वतःचं सामान स्वतः वाहत, बरोबर कुणी नाही. दोघांनाही सलाम. पण मी रोज ८० किलोमीटर धरले तर २९ हजार किलोमीटरला ३६२ दिवस लागतात. म्हणजे बरोबर एक वर्ष. ८० किलोमीटर म्हणजे लातूरहून अहमदपूर आणि अजून थोडं पुढे. हे अशक्य वाटतं का? आमच्या आबांच्या पिढीत लोक बाजाराला, शाळेला, लग्नाला सायकलवरच जायचे, तेही एका गिअरच्या जड सायकलवर, मागे कॅरिअरला ज्वारीचं पोतं बांधून. त्यांना कुणी ॲडव्हेंचर म्हणालं नाही.

आता इंजिनिअरिंगकडे येऊ. सायकल चालवताना दोन गोष्टींशी झगडायचं असतं, टायरचं रोलिंग आणि हवा. सामानासकट १०० किलो धरले आणि सपाट रस्ता धरला, तर माझ्या हिशोबाने ताशी २० च्या वेगाला साधारण ९० वॅट लागतात. हाच वेग ३० केला तर २२० वॅटच्या पुढे जातं. वेग दीडपट, ताकद जवळजवळ अडीचपट! कारण हवेच्या विरोधासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये हे आपण पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. सायकलवर ते मांडीत दुखतं, मग विसरत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाचा पहिला नियम आहे, हळू चला. ताशी २० ने चार तास म्हणजे ८० किलोमीटर. त्याला रोजच्यापेक्षा साधारण १३०० कॅलरी जास्त लागतात. एका चपातीच्या १०० धरल्या तर तेरा चपात्या. आपल्या हॉस्टेलमधल्या काही मित्रांना एवढ्यासाठी सायकल चालवायची गरज पडत नाही, ते सोडा.

सायकल कोणती घ्यावी यावर आपल्याकडे लोक लगेच कार्बन फ्रेमच्या गोष्टी करतात. लांबच्या प्रवासाला जुने जाणते लोक स्टीलची फ्रेम घेतात. एक तर स्टील फटिगला चांगलं, विशिष्ट ताणाच्या खाली राहिलं तर ते थकत नाही, ॲल्युमिनियमचं तसं नाही. आणि दुसरं म्हणजे स्टील तुटलं तर कुठल्याही खेड्यातला वेल्डिंगवाला ते जोडू शकतो. कार्बनला चाकूरमध्ये कोण वेल्डिंग करणार? मागच्या चाकाची, गिअरच्या बाजूची तार तुटली तर कॅसेट काढल्याशिवाय नवी घालता येत नाही, म्हणून ते काढायचं हत्यार जवळ हवं आणि ते वापरता यायला हवं. हे मला लेक्चरमध्ये कळलं नाही. आमच्या हॉस्टेलच्या रस्त्यावरच्या सायकलवाल्या चाचांनी शिकवलं. पंक्चर काढणं, चेन तोडून जोडणं आणि चाकाचं आउट काढणं. आउट काढायला मला पाच रविवार लागले. एक तार आवळली की रिंग इकडे येते, दुसरी आवळली की तिकडे जाते. चाचा म्हणाले, “बेटी, जोर मत लगा, पहले देख.” माझ्या मते स्ट्रक्चरल ॲनालिसिसची यापेक्षा चांगली व्याख्या नाही.

मग येतो कागद. पासपोर्टची फी १५०० रुपये, ती कुणालाही जमते. खरा डोंगर पुढे आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत आपल्याला टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्यासाठी बँकेत पैसे दाखवा, ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स दाखवा, कुठल्या रात्री कुठे मुक्काम ते दाखवा. आता सायकलवाल्याने रोजचा मुक्काम चार महिने आधी कसा सांगायचा? वारा समोरून आला की वीस किलोमीटर अलीकडेच रात्र होते. पण फॉर्मला वारा समजत नाही. म्हणून नकाशा बनवताना रस्त्यांच्या आधी व्हिसाच्या तारखा मांडाव्या लागतात, त्यावर ऋतू मांडावे लागतात, आणि उरलेल्या जागेत सायकल बसवावी लागते. पर्ट-सीपीएमचा यापेक्षा जिवंत प्रॉब्लेम मला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. क्रिटिकल पाथवर पाय नाहीत, शिक्के आहेत!

पैसा? दिवसाला हजार रुपये धरले तर वर्षाचे ३ लाख ६५ हजार. आणि हजार रुपयांत युरोपात फक्त तंबूत झोपून, दुकानातला ब्रेड खाऊन दिवस निघेल, तोही मारून मुटकून. वर विमानाची तिकिटं, व्हिसा, इन्शुरन्स आणि सायकल. हे पैसे माझ्याकडे नाहीत आणि बहुतेक वाचकांकडेही नसतील. वेदांगीच्या पाठीशी तिचे आईवडील उभे होते, ती परदेशात शिकत होती, हे मान्य करायलाच हवं. पुण्याची मुलगी आणि औराद शहाजानीची मुलगी यांच्यात अंतर आहे, आणि ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. पण त्यावर माझं उत्तर असं की नोकरी करून दोन-तीन वर्षं पैसे साठवता येतात. आपल्यातले कितीतरी जण पहिल्या पगारावर बुलेटचा हप्ता सुरू करतात. त्याला कुणी ‘वेड लागलंय का’ विचारत नाही. शिवाय ज्यांना जग नको त्यांना भारत आहे, महाराष्ट्र आहे. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही साधारण ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती २०१७ साली एकट्याने केली. हे लोक दवाखाना-नोकरी सांभाळून पहाटे सायकल चालवणारे आहेत, राजपुत्र नाहीत.

आणि धोका? आहे. तो नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. पण धोका कुठे आहे हे नीट बघा. माइक हॉल हा इंग्लिश सायकलपटू २०१२ मध्ये ९२ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता. ३१ मार्च २०१७ ला ऑस्ट्रेलियात एका शर्यतीत कारच्या धडकेने तो गेला. ना अस्वल, ना चोर. कार. आपल्या नांदेड–लातूर रस्त्यावर गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रात्री मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर काहीच नसताना चालतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा खरा उपाय म्हणजे अंधारात न चालणं, मागे चांगला दिवा, अंगावर चमकणारं जॅकेट आणि आरसा. पण आपल्याकडे मुलीच्या बाबतीत धोका म्हटलं की फक्त एकच धोका डोळ्यांपुढे येतो, आणि त्यावर उपायही एकच, तिने जायचंच नाही. मुलगा ट्रकखाली येऊ शकतो म्हणून कुणी त्याची सायकल काढून घेत नाही.

गेल्या डिसेंबरात मी नांदेडहून लातूरला घरी सायकलवर गेले. साधारण १४० किलोमीटर. पप्पांची अट होती, दर तासाला फोन. पहाटे निघाले, अहमदपूरच्या आधीचे बालाघाटाचे चढ चढताना जीव निघाला, संध्याकाळी घरी पोचले. रस्त्यात कुणी त्रास दिला नाही. प्रश्न मात्र भरपूर विचारले. “कामून चाललीस गं सायकलवर? बस न्हाईत का?” “कुणाची तू?” “घरी भांडून आलीस का?” एका टपरीवरच्या मावशींनी चहाचे पैसे घेतले नाहीत, वर म्हणाल्या, “पोचलीस की तुझ्या आईला आधी फोन कर.” हेच मला सांगायचं आहे. ‘सोलो’ हा इंग्रजी शब्द फसवा आहे. एकटीने जाणं म्हणजे कुणाच्याही आधाराशिवाय जाणं नव्हे. तासातासाला फोन घेणारे पप्पा, आउट काढायला शिकवणारे चाचा, चहा पाजणाऱ्या मावशी, हे सगळे त्या सायकलवर बसलेले असतात. पॅडल फक्त एकीचं असतं.

नांदेडच्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको. आपल्या सचखंड श्री हुजूर साहिबला पंजाबातून आणि परदेशातून माणसं येतात आणि लंगरमध्ये कुणीही कुणाला ‘तू कोण’ विचारत नाही. असे गुरुद्वारे कॅनडात आहेत, इंग्लंडमध्ये आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत. जगभर फिरणारे सायकलवाले त्यांच्या नोंदींत लंगरचे आभार मानतात. आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज सातशे वर्षांपूर्वी पायी पंजाबात घुमानपर्यंत गेले. आपल्या मातीत लांब जाण्याची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. वारीला जाणाऱ्या आजीला तंबू, सामान, मुक्काम आणि पाऊस यांचं जे प्लॅनिंग कळतं ते आपल्याला प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पाच युनिटमध्ये कळत नाही.

मग अडतं कुठे? सुरुवातीला म्हणाले होते, कारण दुसरीकडे आहे. ते कारण म्हणजे ‘वर्ष वाया जाणं’.

आपल्याकडे एक वर्ष म्हणजे जणू सोन्याची वीट. ती हातातून पडली की संपलं. वायडी झालेल्या मुलाकडे आपण कसं बघतो, आठवा. आणि शिक्षणात एक वर्ष खंड पडला तर ॲडमिशनच्या वेळी काय मागतात? गॅप सर्टिफिकेट! स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट करून द्यायचं की मी या वर्षात कुठेही प्रवेश घेतला नव्हता. म्हणजे माणूस एक वर्ष शाळा-कॉलेजच्या बाहेर जगला तर त्याचा खुलासा द्यावा लागतो, आणि त्या वर्षाचं नाव काय? गॅप. भोक. रिकामी जागा.

पण माझ्या लातूरमध्ये काय चालतं ते बघा. नीटचा एक प्रयत्न हुकला की मुलं रिपीटर बॅचला बसतात. दुसरा हुकला की कधी तिसऱ्यांदा. दहा बाय दहाच्या खोलीत, खिडकीला पडदा लावून, एक-एक दोन-दोन वर्षं. घरचे शेत गहाण ठेवून फी भरतात. त्याला कुणी वाया गेलं म्हणत नाही. त्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात, आणि त्याचा मला अभिमानही आहे, कारण त्याच पॅटर्नने दुष्काळी गावांतल्या कितीतरी घरांत पहिला डॉक्टर दिला. प्रश्न त्या मुलांना नाही. प्रश्न असा आहे की जे वर्ष खोलीत बसून जातं ते गुंतवणूक, आणि जे वर्ष रस्त्यावर, स्वतःच्या कमाईने, चौदा देशांचे कायदे, हवामान आणि माणसं वाचत जातं ते मात्र वाया? हा हिशोब कुणी केला? मला तरी त्यात कॅल्क्युलेशन दिसत नाही, फक्त भीती दिसते.

आणि मुलींच्या बाबतीत ही भीती दुप्पट. आपलं सरकार मराठवाड्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल देतं, शाळा सुटू नये म्हणून. फार चांगली योजना आहे, माझ्या कित्येक मैत्रिणी त्या सायकलमुळे शिकल्या. पण बघा, ती सायकल शाळेपर्यंत जाते. बारावी झाली की तीच सायकल अंगणात गंजते, नाहीतर धाकट्या भावाकडे जाते. शाळेपर्यंत गेलेली मुलगी शाळेच्या पुढे सायकलवर कुठे गेली, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

सर आणि मॅडम, तुम्हीही हे पान वाचता, म्हणून तीन मागण्या करते. फार खर्चाच्या नाहीत.

पहिली, हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सायकलसाठी एक शेड, एक पंप आणि हत्यारांची एक पेटी. वर्कशॉपमध्ये शंभर पान्हे आहेत, पण रविवारी कुलूप असतं.

दुसरी, मुलींच्या हॉस्टेलचं गेट पहाटे साडेपाचला सायकलसाठी उघडावं. रजिस्टरमध्ये नाव, नंबर, रस्ता आणि परतीची वेळ लिहून घ्या, घरी फोन करा, हवं ते करा. पण उघडा. उन्हाळ्यात मराठवाड्यात आठनंतर सायकल चालवता येत नाही, हे सांगायला थर्मोडायनॅमिक्स लागत नाही. मुलांचं गेट तेव्हा उघडंच असतं.

तिसरी मागणी अवघड आहे. कुणी मुलगा किंवा मुलगी येऊन म्हणाली की मला डिग्रीनंतर एक वर्ष हवंय, तर ‘वेड लागलंय का’ हे वाक्य एकदा गिळून टाका आणि विचारा, “प्लॅन दाखव.” प्लॅन कच्चा असेल तर लाल पेनने कापा. व्हिसाच्या तारखा चुकल्या असतील तर सांगा, बजेट खोटं असेल तर सांगा, रात्रीचे मुक्काम धोक्याचे असतील तर सांगा. आमच्या सेमिनार रिपोर्टवर तुम्ही एवढ्या प्रेमाने लाल रेघा मारता, तशाच यावरही मारा. नाही म्हणायचं असेल तर प्लॅन वाचून म्हणा. हसून म्हणू नका.

आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला एक सांगते. जग लांब आहे, आधी दोनशे किलोमीटर करा. ब्रेव्हे नावाच्या राइड असतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, मग ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. शर्यत नाही, नंबर नाही, वेळेत पूर्ण केलं की झालं. जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत हॉस्टेल आहेच. यात कळतं की आपल्याला खरंच जायचंय की फक्त जाणार आहे असं सांगायचंय. दोन्हींत फरक आहे.

माझ्या प्लॅनचं म्हणाल तर तो सध्या चाळीस पानांच्या एका वहीत आहे. घरी दाखवलाय. पप्पा म्हणाले, “आधी डिग्री, मग नोकरी, मग बोलू.” मम्मी काही बोलली नाही. तिने वही घेतली, रशियाचं पान काढलं आणि विचारलं, “इथे एवढ्या थंडीत तू खाणार काय?” पप्पांच्या वाक्यात दोन ‘मग’ची लांबी आहे, ती मला मान्य आहे. मी डिग्री करणार, नोकरी करणार, पैसे साठवणार. पण मम्मीचा प्रश्न मला जास्त आवडला. तो ‘जाऊ नको’ असा नव्हता. तो प्लॅनमधल्या चुकीवर बोट ठेवणारा होता, आणि तिचं बरोबर होतं. त्या पानावर जेवणाचा हिशोब मी कमी धरला होता. आता नव्याने करतेय.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)